जाणारे भाऊ

नागपुरात सक्करदऱ्याचं ते घर बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझ्या नवऱ्याला एकही प्रश्न विचारला नाही. तो बिचारा आपली सरकारी नोकरी, आपलं गाव, आपण मांसमच्छी खात नाही, हे सगळं मनात जुळवून आला होता. घरमालकांनी त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "वहिनी, तुम्ही कुठं असता?"

मी म्हटलं, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. ऑपरेटर आहे.

"लोकल का ट्रंक?"

"ट्रंक."

"दिल्ली लागते?"

"कधी लागते, कधी नाही," मी खरं ते सांगितलं.

त्यांनी कनवटीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. मागच्या दोन खोल्या तुमच्या, समोरची माझी, तीन-चार महिने कळ काढा, मग सारं घर तुम्हीच वापरा, असं म्हणाले. का, तर ते जाणार होते. नवऱ्यानं विचारलं, कुठे. त्यांनी कवेलूंच्या छपरावरून उत्तरेकडे हात केला आणि म्हणाले, "तिकडे."

ही गोष्ट साधारण सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीची. त्या घरात आम्ही पुढे किती वर्षं काढली ते माझ्या मुलीच्या वयावरून मोजावं लागेल. ती तिथेच झाली आणि तिथूनच शाळेत जायला लागली.

आमच्या आधी त्या खोल्यांमध्ये एक पोलीस हवालदार राहत होता, आणि त्याच्याही आधी छातीचे फोटो काढणाऱ्या दवाखान्यातला एक कंपाउंडर, हे मला शेजारणीकडून कळलं. घरमालक, म्हणजे भाऊ, भाडेकरू ठेवत ते परदेशी जायच्या आपल्या अर्जाच्या सोयीनं. ज्या वर्षी चारित्र्याच्या दाखल्यासाठी खेटे पडले त्या वर्षी हवालदार. ज्या वर्षी डॉक्टरी तपासणी अडली त्या वर्षी कंपाउंडर. आता दिल्लीच्या कचेरीशी बोलायची वेळ आली होती, म्हणून आम्ही.

'तिकडे' म्हणजे कोणता देश, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. पण भाऊ त्याचं नाव कधी तोंडातून काढत नसत. नाव घेतलं की काम नासते, अशी त्यांची समजूत होती. थंडीचा, बर्फाचा, मोठा देश. तिथं कारागिरांची कमतरता होती आणि बाहेरून शिकलेली, हुन्नरी माणसं घेत होते. एखाद्याला किती शाळा झाली, हातात कोणतं काम आहे, वय किती, भाषा कोणत्या येतात, याचे गुण देत आणि गुण पुरेसे झाले की बोलावत. भाऊंचे गुण पुरेसे होते. नुसतं बोलावणं यायचं होतं. मीही ते नाव इथे लिहीत नाही. इतकी वर्षं त्यांच्यासोबत राहून मलाही ती सवय लागली.

गल्लीत त्यांना 'जाणारे भाऊ' म्हणत. आधी चेष्टेनं म्हणत असावेत, मग सवयीनं. कोपऱ्यावर नवा किराणावाला आला, त्याला ते आडनावच वाटलं. त्यानं आपल्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका दिली तेव्हा वर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'श्री. जाणारे, सहकुटुंब'. भाऊंनी ती पत्रिका बराच वेळ हातात धरली. 'जाणारे'ला त्यांची हरकत नव्हती. 'सहकुटुंब'पाशी ते थांबले होते.

कारण कुटुंब व्हायचं राहिलं होतं.

सिस्टर त्यांची वाग्दत्त वधू. मूळ उमरेडची, भाऊंसारखीच विणकराच्या घरातली, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नर्स. सगळे तिला सिस्टरच म्हणत. दोघांचं साक्षगंध झालं आणि त्याच हिवाळ्यात लग्न ठरलं होतं. मध्येच भाऊंनी अर्ज टाकला. अर्जात अविवाहित असं लिहिलं होतं, आणि ते खरंही होतं. मग त्यांना कोणीतरी सांगितलं, की अर्जातली माहिती बदलली तर कागद पुन्हा ढिगाच्या तळाशी जातो. झालं. लग्न पुढे ढकललं. तीन-चार महिन्यांसाठी.

ती दर आठवड्याच्या सुट्टीला यायची. दवाखान्याची पांढरी साडी बदलून साधी छापील नेसलेली, हातात पिशवी, पिशवीत बेसन आणि मसाला. भाऊंकडे चूल नव्हती, म्हणून ती माझ्या स्टोव्हवर पाटोडीचा रस्सा करायची, भाऊ ओसरीच्या पायरीवर बसून जेवायचे, ती त्यांच्या बाजूला बसून दवाखान्यातल्या गोष्टी सांगायची आणि अंधार पडायच्या आत वसतिगृहात परत जायची. उमरेडहून तिची आई दर वर्षी तुळशीचं लग्न आटोपलं की निरोप पाठवायची. सिस्टर तो निरोप भाऊंना सांगायची. भाऊ म्हणायचे, आता होतेच. ती म्हणायची, बरं. मी तिला एकदा विचारलं, तुला राग येत नाही का. ती पाटोड्या कापत होती. म्हणाली, "येते ना. पण रागावून राहिली तर हे जेवत नाही, अन् मग मलेच भूक लागत नाही."

भाऊंचं काम बर्फाच्या कारखान्यात. गांधीबागेच्या पलीकडे तो कारखाना होता. तिथली अमोनियाची यंत्रं ते सांभाळत. नागपूरच्या मे महिन्यात अर्ध्या शहराचा उसाचा रस आणि सगळी लग्नं भाऊंच्या हातांवर थंड व्हायची. काम त्यांना उत्तम येत होतं, याबद्दल शंका नाही. शंका सगळ्यांना एकच होती, आणि ती माझ्या नवऱ्यानं पहिल्याच आठवड्यात बोलून दाखवली. ज्या देशात सहा महिने रस्त्यावर बर्फ पडतो, तो देश बर्फ बनवणारा माणूस कशाला बोलावेल?

भाऊंना हा प्रश्न नवा नव्हता. ते शांतपणे म्हणाले, "पडणं वेगळं अन् बनवणं वेगळं."

जाणाऱ्या माणसानं पसारा वाढवू नये, हे त्यांच्या राहणीचं सूत्र होतं. बाज विकून टाकली होती; सतरंजीवर झोपत. एक ताट, एक पेला. मीठ कागदाच्या पुडीत. नव्या वर्षाचं कॅलेंडर जानेवारी अर्धा सरल्याशिवाय घेत नसत, न जाणो फुकट जायचं. पावसाळ्याआधी आख्खी वस्ती छपरावर चढून कवेलू फेरायची. भाऊ खाली उभे राहून लोकांना शिडी धरून द्यायचे, पण स्वतःच्या घराला हात लावायचे नाहीत. जाणाऱ्यानं कवेलू काहून फेरायचे? पाणी गळायचं ते आमच्या खोलीत. आम्ही म्हटलं, आम्ही फेरतो. ते म्हणाले, तुम्हाला उगीच त्रास, पुढच्या पावसाळ्यात घर तुमचंच आहे, तेव्हा फेरा.

त्यांच्या खोलीच्या मधोमध एक खड्डा होता. त्यांचे वडील हातमागावर लुगडी विणत. मागावर बसून पाय खाली सोडायला जमिनीत खड्डा असतो, तोच तो. वडील गेल्यावर माग विकला, खड्डा राहिला. जाणाऱ्यानं खड्डा तरी काहून बुजवायचा? नव्या माणसाला मात्र दारातच सांगावं लागे, की उजवीकडून या.

या खड्ड्याचा पुढे त्यांनी जो उपयोग केला तो माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. भर मे महिना. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मी ड्यूटीवरून आले, बघते तर भाऊ खड्ड्याच्या काठावर बसलेले. अंगात ओव्हरकोट. कामठीच्या लष्करी छावणीतून मोडीत निघालेला, जाड, खाकी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. डोक्याला मफलर. पाय खाली सोडलेले, आणि खाली खड्ड्यात बारदानावर बर्फाची आख्खी लादी. सायकलच्या कॅरिअरला बांधून आणलेली. भाऊंचे पाय त्या लादीवर होते आणि कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

मी विचारलं, भाऊ, हे काय?

म्हणाले, सवय करून राहिलो. तिकडे गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात आजारी पडलो तर कारखान्यावर काय इज्जत राहील? पण मग कोट कशाला घातला, असं मी विचारलं. त्यांनी गळ्याचं बटण चाचपलं. कोटाचीही सवय पाहिजे, म्हणाले.

तो आख्खा उन्हाळा त्यांनी खालून थंड आणि वरून गरम असा काढला. पावसाळ्याच्या तोंडाशी खोकला धरला, तो छातीत उतरला. नेमकं तेव्हाच डॉक्टरी तपासणीचं पत्र आलं. फोटोत छातीवर डाग दिसला. तिकडच्या थंडीची तयारी केली म्हणून तिकडं जाणं एक वर्षानं लांबलं. सिस्टरनं त्यांना दवाखान्यात भरती केलं, रोज आपल्या हातानं इंजेक्शन दिलं, आणि बर्फाची लादी पुन्हा घरात आणली तर साक्षगंधाची अंगठी काढून देईन म्हणाली. भाऊंनी लादी बंद केली. पंख्यासमोर ओली चादर पांघरून झोपू लागले.

त्या डागाचा घोटाळा नुसता एका वर्षाचा नव्हता. भाऊंना तीन कागद एकाच वेळी ताजे लागत: पासपोर्ट, पोलिसांचा दाखला आणि डॉक्टरांचा दाखला. प्रत्येकाची मुदत वेगळी. डॉक्टरांचा हाती येईपर्यंत पोलिसांचा शिळा व्हायचा. पोलिसांचा नवा काढेपर्यंत पासपोर्ट संपायचा. तो नवा होईपर्यंत छातीचा फोटो जुना. सिस्टर म्हणायची, यांचा स्वयंपाकच असा आहे. भात होते तोवर वरण थंड होते, वरण गरम करावं तर भात करपते, अन् पाहुणा दिल्लीहून निघालाच नाही.

दोन वेळा मात्र सगळं इतकं जुळून आलं होतं, की भाऊंचे निरोप समारंभ झाले. कारखान्यानं शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाषणं झाली. एक फिटर रडला. त्यानंतरच्या सोमवारी भाऊ नेहमीच्या पाळीला कामावर हजर. घड्याळ त्यांनी परत नेऊन कारखान्यातच लावलं, कारण प्रवासात न्यायला जड होतं. दुसरा समारंभ गल्लीतल्या गणपती मंडळानं केला. अध्यक्षांनी भाऊंना म्हटलं, तिकडे गेल्यावर आम्हाला विसरू नका. पुढच्या वर्षी त्याच मंडळाच्या वर्गणीला भाऊ दारोदार फिरत होते.

वाढदिवसाला भाऊ उदास असत. आम्ही शिरा करून नेला तर खाल्ला, पण म्हणाले, आज एक गुण गेला. ठरावीक वयानंतर दर वर्षी एक गुण कमी होत होता. अर्ज टाकला तेव्हा ते तरुण होते. ढिगात अर्ज पडून होता आणि वय काही पडून राहत नव्हतं. हा तोटा भरून काढायचा एकच मार्ग त्यांना सापडला. तिकडे इंग्रजीबरोबर फ्रेंचही चालायची. फ्रेंचचे वेगळे गुण होते.

नागपुरात फ्रेंच शिकवणारं कोणी असेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. भाऊंनी अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये एक निवृत्त गार्ड शोधून काढले. ते पाँडिचेरीकडचे, जिथं आधी फ्रेंचांचं राज्य होतं. ते तमिळ वळणाच्या हिंदीतून फ्रेंच शिकवत, आणि भाऊ ती आमच्या बोलीत मिसळून परत आणत. सकाळी नळावर मला म्हणत, "बोंजूर वहिनी, पाणी येऊन राहिलं का?" दूधवाल्याला दूध घेतल्यावर म्हणत, "मेर्सी गा." चार दिवसांनी दूधवाल्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, भाऊ आपल्याला नेमकं काय म्हणतात, कारण दुधात तो पाणी अगदी थोडंच घालतो. धन्यवाद म्हणतात, असा मी अर्थ सांगितला. तेव्हापासून तोही आख्ख्या वस्तीला दूध घालताना मेर्सी म्हणू लागला.

असा एक गुण वयानं जायचा, एक भाषेनं यायचा. बेरीज तिथेच. भाऊंना त्यात हार दिसत नव्हती. ते म्हणत, मी आहे तिथंच टिकून आहे, हे काय कमी आहे?

मला ज्यासाठी घरात घेतलं होतं तो ट्रंक कॉल आम्ही दुसऱ्या वर्षी लावला. दिल्ली मिळायला दुपार गेली. भाऊ एक्स्चेंजच्या बाहेरच्या बूथमध्ये बोलणार होते. त्यासाठी कोट घालून, टाय बांधून आले होते. मी म्हटलं, भाऊ, त्यांना दिसणार नाही. ते म्हणाले, "पण मले समजते ना मी कसा उभा आहो."

लाइन लागली. भाऊंनी आपल्या अर्जाचा नंबर सांगितला. पलीकडून थांबा म्हणाले आणि रिसीव्हर टेबलावर ठेवला. भाऊ थांबले. काचेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. हळूहळू तो उजळत गेला. तीन मिनिटं संपली, लाइन कटली, आणि भाऊ बाहेर आले ते देवदर्शन झाल्यासारखे. मी विचारलं, काय म्हणाले?

"काही नाही म्हणाले. पण टाइपरायटरचा आवाज मी माझ्या कानानं ऐकला, वहिनी. एक जण चहा मागून राहिला होता. काम चालू आहे तिथं."

त्या आवाजावर ते दोन वर्षं जगले. मग शंका आली. चार पत्रांना उत्तर नव्हतं. कचेरी आहे का उठली, का आपलाच कागद हरवला, हे कसं कळावं? त्यांनी एक युक्ती काढली. दुसऱ्या कोणाच्या तरी नावानं एक नवा अर्ज टाकायचा, नुसता बघायला. उत्तर आलं तर कचेरी जिवंत आहे. नाव कोणाचं, तर सिस्टरचं. सिस्टर नाही म्हणाली. मले कुठं जायचं आहे, म्हणाली. भाऊंनीच सगळा अर्ज भरला आणि एका सुट्टीला, तिचे हात बेसनाचे असताना, पुढे केला. तिनं पदराला बोटं पुसली आणि सही केली. कोपऱ्यावर बेसनाचा पिवळा डाग पडला तो पडलाच.

तिला उत्तर त्याच मोसमात आलं. भाऊ ते पत्र घेऊन गल्लीभर फिरले. कचेरी जिवंत आहे, असं ज्याला त्याला सांगत होते. तिकडे नर्सची फार गरज होती, त्यांचा ढीगच वेगळा होता आणि तो ढीग लहान होता, हे त्यांच्या लक्षात यायला दोन-तीन दिवस लागले. सिस्टरची डॉक्टरी तपासणी तिच्याच दवाखान्यात एका दुपारी झाली. पोलिसांचा दाखला वेळेत आला. पुढच्या उन्हाळ्याच्या आत तिची परवानगी हातात होती.

त्या दिवशी ती सुट्टी नसताना आली. ओसरीवर बसली. भाऊंनी नियमांचं पुस्तक आणलं. त्याची पानं त्यांना पाठ होती. त्यात एक वाट होती. ती आधी गेली, आणि तिनं होणारा नवरा म्हणून यांना बोलावलं, तर यांना लवकर जाता येईल. फक्त एका माणसाचे दोन अर्ज चालत नव्हते. भाऊंना आपला अर्ज मागे घ्यावा लागणार होता.

भाऊंनी हे सगळं स्वतःच वाचून दाखवलं, मग पुस्तक मिटलं आणि म्हणाले, ते काही जमणार नाही. सिस्टरनं विचारलं, काहून?

"माझा नंबर आहे तिथं. इतक्या वर्षांचा. माझ्यामागून लोकं लागले आहेत. असा कसा सोडून देऊ?"

मी आत पोळ्या करत होते. तव्यावरची पोळी मी उलटायची विसरले. मग तिचा आवाज आला, अगदी साधा, पेशंटला कुठं दुखतं विचारावं तसा.

"तुम्हाले तिकडं जायचं आहे, का नुसता नंबर लावून ठेवायचा आहे?"

भाऊ पुस्तकाची पानं चाळू लागले. तिनं पुन्हा विचारलं नाही. उठताना एवढंच म्हणाली, की मी जाऊन राहिली. तुम्ही तुमच्या नंबरानं या, नाही तर माझ्या नावानं या. पण आता मी माझी पिशवी भरते.

नागपूर स्टेशनवर दिल्लीची गाडी त्या दिवशी वेळेवर आली आणि वेळेवर सुटली. भाऊंना त्याचाच धक्का बसला. उमरेडची आई रडत होती. सिस्टर खिडकीतून तिला समजावत होती, मला माझ्या स्टोव्हची वात बदलायला सांगत होती, आणि भाऊंना तिनं म्हटलं, वेळेवर जेवत जा. भाऊ मान हलवत राहिले. गाडी गेल्यावरही हलवत होते.

पुढच्या सुट्टीला दुपारी भाऊ नेहमीसारखे पायरीवर येऊन बसले. मी पाटोडीचा रस्सा करून दिला. ते सगळं जेवले, ताट धुतलं, माझ्या हातात दिलं आणि खोलीत जाऊन अर्ज मागे घेत असल्याचं पत्र लिहायला बसले. दोन ओळींच्या पत्राला त्यांना संध्याकाळ झाली. पोस्टाच्या पेटीपर्यंत ते दोनदा जाऊन परत आले. तिसऱ्यांदा गेले ते आलेच नाहीत, म्हणून मी नवऱ्याला बघायला पाठवलं. ते पेटीजवळ उभे होते. पत्र टाकून झालं होतं आणि आता पेटी उघडणारा माणूस यायची वाट बघत होते, परत मागायला.

तो माणूस आला. त्यानं सांगितलं, टाकलेलं पत्र असं हातात देता येत नाही. परत पाहिजे तर मोठ्या पोस्टात जाऊन अर्ज करा. माझा नवरा सांगायचा, अर्ज हा शब्द ऐकल्याबरोबर भाऊंचा हात सवयीनं खिशातल्या पेनाकडे गेला. पेन त्यांनी काढलंही. मग परत ठेवलं. "नाही करत," त्या माणसाला म्हणाले, आणि नवऱ्याच्या सोबत चालत घरी आले.

दिल्लीहून महिन्याभरानं एक ओळ आली. त्यांचा अर्ज मागे घेण्याचा अर्ज मिळाला आहे आणि त्याचा क्रमानं विचार केला जाईल. म्हणजे नंबर सोडायलाही नंबर होता. भाऊ ते वाचून चक्क हसले. म्हणाले, आता मी कुठंच नाही, वहिनी. ना जाणारा, ना न जाणारा.

आणि त्या कुठंच नसण्याच्या काळात ते माणसांत आले. त्यांनी बाज घेतली. दुसरं ताट घेतलं. छपरावर चढून कवेलू फेरले, आणि आमच्या खोलीत पहिल्यांदा पावसाळा कोरडा गेला. मागाचा खड्डा मुरूम घालून बुजवला. त्यानंतर लोक खोलीत सरळ येऊ लागले, तरी सवयीनं उजवीकडून वळायचे. किराणावाल्यानं बाजेकडे बघून मला हळूच विचारलं, भाऊंची तब्येत बरी आहे ना.

तब्येत उत्तम होती. अडचण वेगळीच झाली. अर्ज मागे घ्यायचा म्हणजे दिल्लीत कोणालातरी तो आधी ढिगाच्या तळातून वर काढावा लागला. काढला, टेबलावर ठेवला, उघडला. छातीवरच्या डागानंतर तो कोणी पुन्हा उघडलाच नव्हता. उघडून वाचला तर सगळं व्यवस्थित, गुण पुरेसे. ज्यानं उघडला त्यानं, अर्ज मागे घेण्याचं पत्र बाजूला राहिलं असावं, मुलाखतीचं बोलावणं पाठवून दिलं. सोडला म्हणून नंबर आला.

भाऊ ते बोलावणं हातात घेऊन नव्या बाजेवर बसून राहिले. मी म्हटलं, अभिनंदन. ते म्हणाले, कवेलूचे पैसे फुकट गेले.

मुलाखत त्यांनी आल्यावर सांगितली, फार थोडी. साहेबांनी विचारलं, आमच्या देशाबद्दल काय माहिती आहे. भाऊंनी नद्यांपासून सुरुवात केली. काही वेळानं साहेब म्हणाले, पुरे. मग भाऊंनी फ्रेंच काढली. साहेब बराच वेळ ऐकत राहिले आणि शेवटी इंग्रजीत म्हणाले, तुमची तमिळ मला समजत नाही. पण परवानगी मिळाली.

खरंच गेले तेव्हा स्टेशनवर आम्ही तिघंच होतो, मी, माझा नवरा आणि मुलगी. कारखान्यातून कोणी आलं नाही. मंडळातून कोणी आलं नाही. त्यांनी कळवलं नव्हतं असं नाही, सगळ्यांना घरोघरी जाऊन सांगितलं होतं. लोक म्हणाले, हो हो भाऊ, या. जाताना त्यांनी मला घराची दुसरी किल्ली दिली. गाडी हलल्यावर दारात उभे राहून त्यांनी हात केला, तेव्हा त्यांचा चेहरा शाळेच्या पहिल्या दिवशी माझ्या मुलीचा झाला होता तसा झाला होता.

सिस्टर त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आईच्या आजारपणासाठी उमरेडला आली. एकटीच, भाऊंना रजा मिळाली नव्हती. माझ्या स्वयंपाकघरात पाट घेऊन बसली. तिकडेच लग्न केलं होतं, गळ्यात काळी पोत होती, केस थोडे पांढरे झाले होते. भाऊ मजेत आहेत म्हणाली. एका मोठ्या इमारतीत त्यांना काम मिळालं होतं, इमारत गरम ठेवायच्या यंत्रावर. बर्फाचं काम तिथं कोणी विचारलं नाही. मग ती हसायला लागली आणि म्हणाली, तुम्हाले विमानतळाची गोष्ट कोणी सांगितली का? मी म्हटलं, इथे कोण सांगणार.

ती त्यांना घ्यायला गेली होती. काचेच्या भिंतीपलीकडे उतरलेल्या लोकांची रांग होती आणि रांगेत भाऊ, गळ्यापर्यंत बटणं लावून. बगलेत सगळ्या कागदांची पिशवी, छातीचे जुने फोटोसुद्धा. त्यांची पाळी आली. टेबलावरच्या पोरानं पासपोर्ट उघडला, एकदा तोंडाकडे बघितलं, शिक्का मारला आणि परत दिला. पिशवी उघडायलाच लावली नाही. भाऊ हलले नाहीत. त्या पोराला काहीतरी विचारू लागले. त्यानं हात दाखवला, तिकडे, बाहेर, झालं तुमचं. पुढच्या माणसाला बोलावलं.

"नंतर मले म्हणाले, त्यानं नीट पाहिलं नाही वं. इतक्या वर्षांचं काम असं कुठं होते का? काहीतरी राहिलं असेल, मागाहून अडकवतील."

"मग?"

"मी काचेतून हात हलवून राहिली, इकडं या, इकडं या. त्यांनी मले पाहिलं बी. हातानं थांब म्हणाले, अन् गेले परत, रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले."

मी हसत होते. तिनं डोळे पुसले, हसण्यानंच पुसले असावेत, आणि माझ्या हातातून बेसनाचं पातेलं घेऊन कालवायला लागली.

"मग तू काय केलंस?"

"काय करता वहिनी," सिस्टर म्हणाली. "थांबली."